एकाहत्तर टक्क्यांचा महिना : जेराल्ड फोर्ड यांच्या पसंतीचा हिशेब

१९७४ च्या ऑगस्ट महिन्याच्या मध्यावर जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप संस्थेने अमेरिकी लोकांना आपला नेहमीचा प्रश्न विचारला. राष्ट्राध्यक्ष म्हणून जेराल्ड फोर्ड ज्या रीतीने काम करताहेत ते तुम्हाला पसंत आहे की नापसंत? ७१ टक्के म्हणाले, पसंत. ३ टक्के म्हणाले, नापसंत. उरलेल्या २६ टक्क्यांनी मत दिलं नाही. सप्टेंबरअखेर हाच प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा पसंती ५० वर आली होती आणि नापसंती २८ वर गेली होती. सहा आठवड्यांत २१ टक्क्यांची घट. या काळात युद्ध पेटलं नव्हतं की बँका बुडाल्या नव्हत्या. ८ सप्टेंबरला फोर्ड यांनी एका कागदावर सही केली होती. त्या कागदाने माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना संपूर्ण माफी मिळाली.

ही गोष्ट सहसा अशी सांगितली जाते: फोर्ड यांनी धाडसी निर्णय घेतला, लोक चिडले, पुढे लोकांना आपली चूक उमगली. यातला शेवटचा भाग मला मान्य नाही. १९७४ च्या सप्टेंबरमधले लोक चुकले होते असं ते आकडे बारकाईने पाहिल्यावर म्हणता येत नाही. त्यासाठी आधी ७१ हा आकडा कशाचा बनला होता ते पाहावं लागेल.

न निवडलेला माणूस

फोर्ड मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्सचे. १९४९ पासून सलग २५ वर्षं ते प्रतिनिधिगृहात, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, होते आणि १९६५ पासून तिथले रिपब्लिकन पक्षाचे नेते. सभागृहात सगळ्यांशी जुळवून घेणारा, शब्दाला जागणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांचं नाव कुणी घेत नव्हतं, त्यांनाही सभागृहाचं सभापतिपद हवं होतं.

१० ऑक्टोबर १९७३ रोजी उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू यांना प्राप्तिकर चुकवल्याच्या प्रकरणात पायउतार व्हावं लागलं. १९६७ मध्ये मंजूर झालेल्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने उपराष्ट्राध्यक्षपद रिकामं झाल्यास ते भरण्याची सोय केली होती: राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवायचं, संसदेच्या दोन्ही सभागृहांनी बहुमताने ते मंजूर करायचं. ती तरतूद पहिल्यांदा वापरली गेली ती फोर्ड यांच्यासाठी. सिनेटने ९२ विरुद्ध ३ मतांनी आणि प्रतिनिधिगृहाने ३८७ विरुद्ध ३५ मतांनी त्यांना मान्यता दिली. ६ डिसेंबर १९७३ रोजी शपथ घेताना ते म्हणाले की मी फोर्ड आहे, लिंकन नाही. एक मोटार साधी, दुसरी आलिशान, आणि शिवाय ते एका थोर राष्ट्राध्यक्षाचं नाव. लोकांना ही नम्रता आवडली.

इथे भारतातल्या वाचकासाठी एक फरक सांगायला हवा. आपल्याकडे राष्ट्रपतींचं निधन झालं तर उपराष्ट्रपती फक्त काळजीवाहू म्हणून काम पाहतात आणि नवी निवडणूक घ्यावी लागते. १९६९ च्या मे महिन्यात झाकिर हुसेन गेले तेव्हा व्ही. व्ही. गिरी यांच्याबाबत हेच झालं. अमेरिकेत उपराष्ट्राध्यक्ष उरलेल्या मुदतीसाठी पूर्ण अधिकाराने राष्ट्राध्यक्ष होतो, मधे मतदान नाही. त्यामुळे अशा वेळी जनमत चाचणीतला टक्का हेच नव्या माणसाच्या हाती असलेलं लोकसंमतीचं जवळपास एकमेव माप ठरतं. फोर्ड यांच्या बाबतीत तर ही उणीव दुहेरी होती. उपराष्ट्राध्यक्ष म्हणूनही त्यांना देशाने मत दिलं नव्हतं. ९ ऑगस्ट १९७४ रोजी शपथविधीनंतरच्या भाषणात त्यांनी हे लपवलं नाही. तुम्ही मला मतपत्रिकेने निवडलेलं नाही याची मला पुरेपूर जाणीव आहे, म्हणून तुमच्या प्रार्थनांनी मला मान्यता द्या, असं ते म्हणाले. आपल्या राष्ट्राचं दीर्घ दुःस्वप्न संपलं, हे त्यांचं गाजलेलं वाक्यही त्याच भाषणातलं.

७१ कुणाच्या खात्यावरचे?

निक्सन १९७२ मध्ये ५० पैकी ४९ राज्यं जिंकून पुन्हा निवडून आले होते. व्हिएतनाम शांतता कराराच्या सुमारास, १९७३ च्या जानेवारीत, त्यांची पसंती ७० च्या आसपास होती. वॉटरगेटच्या, म्हणजे विरोधी डेमोक्रॅट पक्षाच्या कार्यालयातल्या घरफोडीच्या आणि ती दडपण्याच्या प्रकरणाच्या, चौकशीने ती खचत गेली. ऑक्टोबर १९७३ मध्ये त्यांनी विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांना हटवलं, जुलै १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० ने निक्सन यांच्या कार्यालयातल्या संभाषणांच्या ध्वनिफिती देण्याचा आदेश दिला, प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने महाभियोगाचे तीन ठराव मंजूर केले. ५ ऑगस्टला ज्या फितीत चौकशी दडपण्याचं बोलणं होतं तिचा मजकूर बाहेर आला आणि चार दिवसांनी निक्सन गेले. जाताना पसंती होती २४ टक्के.

म्हणजे पदावरची व्यक्ती बदलली आणि एका आठवड्यात त्या पदाची पसंती २४ वरून ७१ वर गेली. फोर्ड यांनी तोवर केलेलं काम म्हणजे एक भाषण, काही भेटीगाठी आणि संसदेत महागाईवर केलेलं निवेदन. एवढ्यावर कुणाच्या कामाचं मूल्यमापन होत नाही. ७१ टक्के लोक ज्याला पसंती देत होते तो होता निक्सन नसलेला राष्ट्राध्यक्ष.

उपराष्ट्राध्यक्ष अचानक वर जातो तेव्हा असं घडतं. हॅरी ट्रूमन १९४५ च्या एप्रिलमध्ये रूझवेल्ट यांच्या निधनानंतर आले तेव्हा त्यांना उपराष्ट्राध्यक्ष होऊन तीन महिनेही झाले नव्हते. जूनमध्ये त्यांची पसंती ८७ टक्के होती. केनेडींच्या हत्येनंतर लिंडन जॉन्सन यांना डिसेंबर १९६३ मध्ये सुमारे ७८ टक्के मिळाली. दोघांनाही देशाच्या शोकाचा आधार होता. ट्रूमन यांचा आकडा पुढच्याच वर्षी तिशीच्या घरात आला, जॉन्सन यांचा मात्र १९६४ भर टिकला. कारण जॉन्सन केनेडींचं काम पुढे नेत आहेत असं लोकांना दिसत होतं, नागरी हक्कांचा कायदा त्याच वर्षी झाला. फोर्ड यांना शोकाचा वारसा नव्हता, सुटकेचा होता. मृत नेत्याच्या वारसाने त्याच्याशी नातं टिकवायचं असतं. फोर्ड यांच्याकडून अपेक्षा नेमकी उलटी होती: आधीच्या माणसाशी नातं तोडायचं.

उपराष्ट्राध्यक्षांच्या पसंतीचा विषय निघाला की हे लक्षात ठेवावं लागतं. त्यांच्याबद्दल गॅलपसारख्या संस्था त्या काळात नियमितपणे कामगिरीचा प्रश्न विचारत नसत आणि आजही विचारला तरी येणारं उत्तर बरंचसं राष्ट्राध्यक्षाच्या सावलीतलं असतं. पद बदललं किंवा पद मिळण्याची शक्यता बदलली की आकडा हलतो. २०२४ च्या जुलैमध्ये जो बायडन यांनी माघार घेतल्यावर कमला हॅरिस यांची पसंती काही आठवड्यांत ठळकपणे वाढली ती याचमुळे, त्या काही आठवड्यांत उपराष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांच्या कामात काही बदललं नव्हतं.

आता २६ टक्क्यांकडे पाहा. बातम्यांत मत न देणारे सहसा गाळले जातात, पण या प्रकरणात सगळ्यात बोलका आकडा हाच. चारांतल्या एकाने मत राखून ठेवलं होतं. एवढा मोठा गट बाजूला उभा असताना ३ टक्के नापसंतीला एकमत म्हणता येत नाही. माणूस नवा आहे, बघू या काय करतो, एवढाच त्याचा अर्थ. पसंत म्हणणाऱ्यांपैकीही कित्येकांची पसंती याच जातीची असणार. घर भाड्याने देताना पहिल्या महिन्यात भाडेकरूवर जो विश्वास टाकतात, तसा हा विश्वास होता. मनापासून टाकलेला, पण अजून कशावरही न पारखलेला.

रविवारची सकाळ

२८ ऑगस्टला फोर्ड यांची राष्ट्राध्यक्ष म्हणून पहिली पत्रकार परिषद झाली. त्यांना महागाईवर, सायप्रसवर बोलायचं होतं, प्रश्न येत राहिले निक्सन यांच्यावर. माफीचा अधिकार राखून ठेवतो, पण प्रकरण न्यायालयीन मार्गाने माझ्यापर्यंत येण्याआधी काही ठरवणं शहाणपणाचं नाही, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. त्याआधी, नोव्हेंबर १९७३ मध्ये, उपराष्ट्राध्यक्षपदाच्या सुनावणीत सिनेटच्या समितीने त्यांना विचारलं होतं की राजीनामा दिलेल्या राष्ट्राध्यक्षावरची कारवाई त्याचा उत्तराधिकारी थांबवू शकेल का. लोक ते खपवून घेतील असं मला वाटत नाही, असं त्यांचं उत्तर होतं.

मग ८ सप्टेंबर. रविवारी सकाळी चर्चमध्ये जाऊन आल्यावर, अकराच्या सुमारास, त्यांनी कॅमेऱ्यासमोर निवेदन वाचलं आणि सही केली. २० जानेवारी १९६९ ते ९ ऑगस्ट १९७४ या काळात निक्सन यांनी केलेल्या किंवा केलेल्या असू शकतील अशा संघराज्याविरुद्धच्या सर्व गुन्ह्यांना पूर्ण, निःशर्त माफी. निक्सन यांच्यावर तोवर आरोपपत्रही दाखल झालं नव्हतं.

त्या निवेदनात एक वाक्य आपल्या विषयाशी थेट भिडणारं आहे. योग्य काय ते सांगण्यासाठी मी जनमत चाचण्यांवर विसंबू शकत नाही, असं फोर्ड स्पष्ट म्हणाले. मला या वाक्याबद्दल आदर आहे. टक्का घसरणार हे त्यांना कळत होतं, त्यांनी तो पणाला लावला. आणि निर्णयामागचं कारणही पोकळ नव्हतं. विशेष सरकारी वकील लिऑन जॉवर्स्की यांचं मत होतं की इतक्या गाजलेल्या प्रकरणात निःपक्षपाती पंच निवडण्यासाठी नऊ महिने ते वर्षभर, कदाचित त्याहून जास्त थांबावं लागेल. त्यानंतर खटला, अपिलं. म्हणजे १९७६ ची निवडणूकही निक्सन या एकाच विषयात बुडाली असती.

पण ज्या रीतीने हे केलं गेलं तिचं समर्थन मला करता येत नाही. संसदेतल्या नेत्यांशी चर्चा झाली नाही, सही आधी ठरली आणि फोन नंतर गेले. फोर्ड यांचे वकील बेंटन बेकर कॅलिफोर्नियात सॅन क्लेमेंटेला निक्सन यांच्या घरी जाऊन त्यांच्याशी बोलून आले होते, तरी हाती आलेल्या निवेदनात गुन्ह्याची कबुली नव्हती. वॉटरगेट हाताळताना आपण अधिक ठामपणे आणि सरळपणे वागलो नाही ही चूक, एवढंच निक्सन म्हणाले. फोर्ड पुढे आयुष्यभर सर्वोच्च न्यायालयाच्या १९१५ च्या बर्डिक खटल्यातल्या निकालाचा एक उतारा पाकिटात बाळगत: माफी स्वीकारणं म्हणजे दोष मान्य करणं. ते कायद्याने बरोबर असेल, पण टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला निक्सन यांच्या तोंडून ऐकायचं होतं, पाकिटातल्या कागदावरून नव्हे. त्यातच, त्याच दिवशी जाहीर झालेल्या करारात ध्वनिफितींवर निक्सन यांना मोठा अधिकार मिळाला होता, त्या कालांतराने नष्ट करण्याची तरतूदही त्यात होती. आणि ज्यांनी निक्सन यांच्या हाताखाली काम केलं ते हाल्डमन, अर्लिकमन, मिचेल यांचा खटला ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला उभा राहणार होता. साहेब मोकळा आणि नोकर आरोपीच्या पिंजऱ्यात, हे समजायला कुणालाही कायद्याचं पुस्तक लागलं नाही.

फोर्ड यांचे माध्यम सचिव जेराल्ड टेरहॉर्स्ट यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. ते फोर्ड यांचे जुने ओळखीचे, मिशिगनचेच पत्रकार. त्यांचा मुद्दा साधा होता: व्हिएतनाम युद्धाला विवेकाने नकार देणाऱ्या तरुणांना अशी माफी नाही, मग निक्सन यांना कशी?

तीन चाचण्या ओळीने

बहुतेक लेखांत ७१ वरून ५० अशी थेट उडी दाखवतात आणि सगळी माफीच्या नावावर टाकतात. मध्ये आणखी एक चाचणी आहे, ६ ते ९ सप्टेंबरची. तिचं बहुतेक काम माफीच्या बातमीआधी झालं. तीत पसंती ६६, नापसंती १३, मत नाही २१.

म्हणजे पहिल्या तीन आठवड्यांत पसंती ५ ने उतरली, नापसंती १० ने वाढली, मत नसलेले ५ ने घटले. हे नेहमीचं आहे. माणूस ओळखीचा होऊ लागला की काहींना तो आवडेनासा होतो. १९ ऑगस्टला शिकागोत माजी सैनिकांपुढे फोर्ड यांनी सैन्यभरती टाळणाऱ्यांना सशर्त परत घेण्याची भाषा केली होती, दुसऱ्या दिवशी उपराष्ट्राध्यक्षपदासाठी नेल्सन रॉकफेलर यांचं नाव सुचवलं होतं, आणि उजव्या गटाला दोन्ही रुचलं नव्हतं. माफी दिली नसती तरी ७१ टिकणार नव्हते.

त्यापुढच्या तीन आठवड्यांत मात्र पसंती १६ ने पडली, नापसंती १५ ने चढली आणि मत नसलेले जागच्या जागी राहिले, २१ चे २२. नमुना साधारण दीड हजार माणसांचा धरला तरी तीन टक्क्यांच्या चुकीत हे बसत नाही. दोन्ही टप्प्यांचा घाट वेगळा आहे. आधीच्या टप्प्यात थांबून पाहणाऱ्यांपैकी काहींनी मत बनवलं. दुसऱ्यात गोळाबेरीज पाहिली तर पसंतीतून थेट नापसंतीत माणसं गेली. एकेका व्यक्तीचा प्रवास अशा चाचणीत दिसत नाही हे खरं, तरी मधल्या थांब्यावर कुणी साचलं नाही एवढं नक्की. विश्वास मागे घेताना लोकांना विचार करायला वेळ लागला नाही.

का, ते आपण आधी पाहिलेल्या ७१ मध्येच आहे. ही पसंती फोर्ड निक्सन यांच्यापेक्षा वेगळे आहेत या एका गोष्टीवर उभी होती. महागाईच्या चुकीच्या धोरणाने ती इतक्या झपाट्याने पडली नसती, कारण ती त्यासाठी दिलेलीच नव्हती. माफीने, आणि त्याहून जास्त माफीच्या गुप्ततेने, तोच वेगळेपणा संशयात आणला. सौदा झाला होता का, हा प्रश्न लगेच उभा राहिला. १ ऑगस्टला निक्सन यांचे प्रमुख सहायक अलेक्झांडर हेग यांनी फोर्ड यांना भेटून ज्या शक्यता सांगितल्या होत्या त्यांत राजीनाम्यानंतर माफी हीही एक होती. १७ ऑक्टोबरला फोर्ड स्वतः प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे गेले. पदावरचा राष्ट्राध्यक्ष अशी साक्ष द्यायला जातो ही असामान्य गोष्ट होती. न्यूयॉर्कच्या सदस्य एलिझाबेथ होल्ट्झमन यांनी टोकदार प्रश्न विचारले. कसलाही सौदा झाला नाही, हे फोर्ड यांनी ठासून सांगितलं. सौद्याचा पुरावा पुढेही कधी सापडला नाही.

माफीच्या माथी काय मारू नये

ऑक्टोबरमध्ये आकडा थोडा सावरला, पन्नाशीच्या किंचित वर गेला. म्हणजे माफीचा घाव एका ठरावीक खोलीपर्यंत गेला आणि थांबला. नोव्हेंबरच्या निवडणुकीत प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅट पक्षाच्या ४९ जागा वाढल्या, त्यात वॉटरगेटचा आणि माफीचा वाटा होताच. पण जानेवारी १९७५ मध्ये पसंती ३७ पर्यंत उतरली ती मुख्यतः घरखर्चामुळे. महागाई दोन आकड्यांत होती, फोर्ड यांनी ऑक्टोबरमध्ये महागाईविरुद्ध छातीवर बिल्ले लावण्याची मोहीम काढली होती, आणि पाठोपाठ मंदी आली. मे १९७५ मध्ये बेकारी ९ टक्क्यांवर गेली. त्याच महिन्यात कंबोडियाने पकडलेलं मायाग्वेझ जहाज सोडवण्यासाठी फोर्ड यांनी सैन्य पाठवलं आणि पसंती ४० वरून ५१ वर उडाली. त्या कारवाईत ४१ अमेरिकी सैनिक गेले, सुटका झालेले खलाशी जवळपास तितकेच. या ११ टक्क्यांची बढती मला माफीच्या १६ टक्क्यांच्या घसरणीपेक्षा जास्त अस्वस्थ करते.

१९७६ ची निवडणूक फोर्ड माफीमुळेच हरले असंही सरसकट म्हणतात. उन्हाळ्यात जिमी कार्टर त्यांच्यापुढे ३० हून अधिक टक्क्यांनी होते. नोव्हेंबरमध्ये फरक उरला २ टक्क्यांचा, आणि राज्यवार मिळणाऱ्या, प्रत्यक्षात राष्ट्राध्यक्ष ठरवणाऱ्या प्रतिनिधिमतांत २९७ विरुद्ध २४० चा. ओहायोत तो फक्त ११ हजारांच्या आसपास मतांचा होता. इतक्या निसटत्या निकालात माफी पुरेशी ठरली असेल, तसंच रोनाल्ड रेगन यांनी पक्षातच दिलेलं आव्हान, पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही हे फोर्ड यांचं वादसभेतलं वाक्य आणि बेकारी, यांतलं प्रत्येक कारणही पुरेसं ठरलं असेल. एकाच कारणाला मुकुट घालायला आकड्यांत आधार नाही.

नंतरचं मत

१९७६ मध्ये ५५ टक्के लोक माफी चूक म्हणत होते, ३५ टक्के बरोबर. १९८६ मध्ये गॅलपला ५४ टक्क्यांनी सांगितलं की फोर्ड यांनी योग्य केलं. २००१ मध्ये केनेडी ग्रंथालयाने त्यांना धैर्यासाठीचा पुरस्कार दिला आणि ज्या टेड केनेडींनी १९७४ मध्ये माफीवर टीका केली होती त्यांनी आपण तेव्हा चुकलो असं जाहीरपणे म्हटलं. फोर्ड यांना हे समाधान मिळालं याचा मला आनंद आहे. ते प्रामाणिक गृहस्थ होते.

पण हे नंतरचं मत पुरावा म्हणून पुढे ठेवताना दोन वेगळे प्रश्न एकत्र केले जातात. गॅलपचा १९७४ चा प्रश्न होता, हा माणूस आत्ता काम कसं करतोय. १९८६ चा प्रश्न होता, मागे वळून पाहता तो एक निर्णय योग्य होता का. शिवाय १९८६ मध्ये उत्तर देणाऱ्याला बऱ्याच गोष्टी ठाऊक होत्या. मिचेल, हाल्डमन आणि अर्लिकमन दोषी ठरून तुरुंगात जाऊन आले होते. सौदा सिद्ध झाला नव्हता. फितींचा करार संसदेने डिसेंबर १९७४ मध्येच कायदा करून मोडीत काढला होता आणि फिती सरकारी ताब्यात सुरक्षित होत्या. संसदेने तो कायदा करण्यामागे सप्टेंबरमधल्या लोकक्षोभाचंही बळ होतं. सप्टेंबरअखेर ज्या २८ टक्क्यांनी नापसंत म्हटलं त्यांच्यासमोर यातलं काहीच नव्हतं. त्यांच्यासमोर होता कबुली न देता सुटलेला एक माणूस, त्याच्या हाती जाऊ घातलेल्या फिती आणि लोक हे खपवून घेणार नाहीत असं दहा महिन्यांपूर्वी स्वतःच म्हणालेला राष्ट्राध्यक्ष. तेवढ्या माहितीवर त्यांचं उत्तर बरोबर होतं.